शंका-समाधान : पोलिश मुलांची नावे आणि त्यांचे अर्थ

प्रश्न : माझी मुलगी पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ येथे राहते आणि जावई पोलिश आहेत. लवकरच त्यांना मुलगा होणार आहे. विहीणबाईंनी स्तानिस्वाफ, वॉय्चेख, बॉग्दान आणि काझिम्येश अशी चार नावे सुचवली असून शेवटचे नाव त्यांच्या वडिलांचे आहे. त्याचा अर्थ ‘शांततेचा नाश करणारा’ असा असल्याचे वाचल्यापासून मनाला रुखरुख लागली आहे. या नावांचे खरे अर्थ काय, आणि जोडीला मराठी नाव ठेवता येईल का?
— एक आजी, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपण वाचलेला अर्थ चुकीचा नाही, पण त्यावरून नाव अशुभ ठरत नाही. जुन्या स्लाव्ह (पोलिश, चेक, रशियन अशा भाषा बोलणाऱ्या लोकांच्या) परंपरेतील नावे आपल्या सामासिक नावांसारखी दोन पदे जोडून होतात आणि ती बहुधा राजघराण्यांत व लढवय्यांमध्ये रुजलेली असल्यामुळे त्यांत कीर्ती, सैन्य, सत्ता, क्रोध, शांतता हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. काझिम्येशमधील पहिले पद ‘बिघडवणे, मोडणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी आणि दुसरे ‘मीर’ म्हणजे शांततेशी जोडले जाते. काही अभ्यासक मात्र पहिले पद ‘सांगणे, आज्ञा करणे’ या क्रियापदाकडे नेतात, म्हणजे अर्थ ‘शांततेची घोषणा करणारा’ असा उलटच होतो. पहिला अर्थ धरला तरी मोडायची ती शत्रूची स्वस्थता. आपल्याकडे ‘पुरंदर’ म्हणजे नगरे फोडणारा आणि ‘शत्रुघ्न’ म्हणजे शत्रूला मारणारा. ही नावे ठेवताना कोणा आईचा हात पाळण्याच्या दोरीवर अडखळल्याचे ऐकिवात नाही. शिवाय पोलिश माणसाला या नावाने प्रथम आठवतो तो 1333 ते 1370 या काळात राज्य करणारा काझिम्येश महान. त्याने कायदे लेखी स्वरूपात आणवले, 1364 मध्ये क्राकूफचे विद्यापीठ स्थापन केले, आणि ‘त्याला पोलंड लाकडाचा मिळाला, तो दगडी करून गेला’ अशी म्हण त्याच्यामागे राहिली.

स्तानिस्वाफमधील ‘स्वाफ’ म्हणजे कीर्ती. संस्कृतातील ‘श्रवस्’ हा त्याच मुळातला शब्द असल्यामुळे महाभारतातला भूरिश्रवा आणि पोलंडचा पहिला अभिषिक्त राजा बॉलेस्वाफ (राज्याभिषेक 1025) हे नावापुरते तरी सख्खे भाऊ ठरतात, कारण दोघांचाही अर्थ ‘मोठ्या कीर्तीचा’ असाच आहे. पहिले पद ‘उभे राहणे, होणे’ या क्रियापदातले आहे. तेव्हा स्तानिस्वाफ म्हणजे ‘जो कीर्तिवंत होवो’ किंवा ‘कीर्ती उभी करणारा’. हे नाव 1079 मध्ये राजाज्ञेने मारल्या गेलेल्या क्राकूफच्या बिशपांचे असल्याने त्याला धार्मिक मानही आहे.

वॉय्चेखमध्ये योद्धा आणि आनंद अशी दोन पदे आहेत. 997 मध्ये धर्मप्रसार करताना मारले गेलेले संत वॉय्चेख हे पोलंडचे एक पालक संत होत. बॉग्दान म्हणजे सरळ देवदत्त. त्यातील ‘बॉग’ आपल्या ‘भगवान’मधील ‘भग’ शब्दाचा नातलग मानतात. अर्थाने हेच नाव आपल्याला सर्वांत जवळचे. मात्र सुट्टीत नातू पुण्याला आला की गल्लीतली मुले त्याचा कात्रजचा बोगदा केल्याशिवाय राहणार नाहीत, एवढे लक्षात असू द्यावे. याच कुळातले ज़्बिग्न्येफ म्हणजे ‘राग घालवणारा’. विष्णुसहस्रनामातला ‘जितक्रोध’ त्याच्या शेजारी शोभतो.

आजच्या पोलंडमधील बाळांची नावे मात्र बहुतांशी बायबल, ग्रीक आणि लॅटिन मुळांची आहेत. तॉमाश म्हणजे जुळा, प्यॉत्र म्हणजे खडक, येझी म्हणजे शेतकरी, मीकोवाय म्हणजे लोकांचा विजय. गेल्या काही वर्षांत अंतोनी, यान, निकोडेम आणि अलेक्सांडर ही नावे नव्या नोंदींत आघाडीवर आहेत.

पोलंडमध्ये ख्रिस्ती धर्म आला 966 मध्ये. त्यापूर्वी मुलगा सात वर्षांचा झाला की त्याचे केस प्रथम कापून त्याला नाव देण्याचा विधी असे. बाराव्या शतकातील एका इतिवृत्तात प्यास्त नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाचे केस अनोळखी पाहुण्यांनी कापून त्याचे नाव शेमोवित ठेवल्याची कथा आहे. आपल्याकडचे जावळ आणि बारसे तिथे एकाच दिवशी उरकत असे म्हणा ना. दृष्ट लागू नये म्हणून ‘नियेमुय’, म्हणजे ‘माझा नव्हे’, असे नाव ठेवण्याची रीतही होती. दगडू आणि धोंडू या नावांमागे तीच भीती असते.

आता मराठी नावाविषयी. 2015 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार मुलाला जास्तीत जास्त दोन नावे देता येतात आणि ती परदेशी असली तरी चालतात; फक्त हास्यास्पद, असभ्य किंवा लाडाची रूपे नोंदवली जात नाहीत. दुसरी जागा आपण हक्काने मागावी. मात्र पोलिशमध्ये बायकांची नावे जवळजवळ सर्वच आकारान्त असतात, त्यामुळे रोमन लिपीत शेवटी ‘ए’ येणारे आदित्य किंवा कृष्णा तिथे मुलीचे वाटेल. रोहन, मिहिर, मिलिंद यांना ती अडचण नाही. माझे मत विचाराल तर स्तानिस्वाफ मिहिर. घरात त्याला ‘स्ताश’ म्हणतील, आणि त्याचे ‘स्ताशू’ करायला आपल्याला कितीसा वेळ लागणार? विहीणबाईंच्या वडिलांची आठवण जपायचीच असेल, तर काझिम्येशचे लाडके रूप ‘काझिक’ हेही तोंडात सहज बसते. कोणतेही नाव ठेवले तरी दिनदर्शिकेतील त्याचा नामदिन, म्हणजे त्या नावाच्या संताचा दिवस, तेवढा टिपून ठेवावा, कारण जुन्या पिढीत वाढदिवसापेक्षा त्याचेच कौतुक अधिक. काझिम्येशचा 4 मार्च, वॉय्चेखचा 23 एप्रिल, स्तानिस्वाफचा 8 मे.

प्रश्न : आमच्या पोलिश वरिष्ठांच्या ईमेलखाली क्शिश्तोफ असे नाव असते, पण त्यांचे सहकारी त्यांना क्शिशेक म्हणतात. मी काय म्हणावे?
— एक अभियंता, हिंजवडी

उत्तर : क्शिश्तोफ म्हणजे ‘ख्रिस्ताला वाहून नेणारा’, आणि क्शिशेक हे त्याचे मित्रमंडळींतले रूप. तसेच याकुबचा कुबा होतो, अलेक्सांडरचा ओलेक. वरिष्ठांनी स्वतः सांगेपर्यंत आपण ते रूप वापरू नये. पोलिशमध्ये आपल्यासारखेच संबोधनाचे वेगळे रूप असते, म्हणून पत्राच्या आरंभी ‘पान्ये क्शिश्तोफ्ये’ असे लिहावे (‘पान’ म्हणजे साहेब, ‘पान्ये’ हे त्याचे संबोधन). माधवरावांना ‘माधवराव’ म्हणताना जेवढा आदर आणि जेवढी जवळीक असते, तेवढीच त्यात असते. आडनावाने हाक मारणे मात्र टाळावे, तिथे ते उद्धटपणाचे समजले जाते.