पेटी तरंगते, मग उलटते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही प्लायवूडची उघडी पेटी केलीत, ६० सेंमी लांब, २० रुंद, २० उंच. आत २६ सेंमी उंचीचे, वाळूने भरलेले डबे उभे ठेवले. पेटी २ किलो, वाळू १० किलो. हिशेबाप्रमाणे ती १० सेंमी बुडून निम्मी बाहेर राहायला हवी. हाताने धरली होती तोवर तशीच राहिली, हात काढताच आडवी झाली. निम्मे डबे काढून टाकले तरी तेच. मग आर्किमिडीजच्या नियमात काही राहून गेलं का?

नियमात काही राहिलेलं नाही. पेटी किती बुडेल एवढंच तो सांगतो, आणि ते तुमच्या टाकीत बरोबर आलंही. ती सरळ उभी राहील का, हा वेगळा प्रश्न आहे आणि खुद्द आर्किमिडीजलाही तो पडला होता. पॅराबोलाच्या आकाराचा ठोकळा पाण्यात तिरका सोडला तर केव्हा सरळ होतो आणि केव्हा नाही, याचं गणित त्याने करून ठेवलं आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र त्यातला पहिलाच भाग येतो, त्यामुळे ‘तरंगणं’ म्हणजेच ‘सरळ तरंगणं’ असं आपण धरून चालतो. माझी सगळी नोकरी बोटींच्या यार्डात गेली आणि हा गोंधळ मी अनुभवी बोटमालकांच्याही बोलण्यात पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेटी सरळ असताना तिचं वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढतं आणि पाण्याचा रेटा बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलतो. दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतात. आता पेटी उजवीकडे किंचित कलली असं समजा. डावीकडची एक पाचर पाण्याबाहेर येते आणि उजवीकडे तेवढीच पाचर पाण्यात जाते. बाजूला सारलेलं पाणी तेवढंच राहतं, पण बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि त्याचा मध्य उजवीकडे सरकतो. पेटी कलल्यामुळे तिचा गुरुत्वमध्यही उजवीकडे झुकलेला असतो. कोण जास्त सरकलं यावर सगळं ठरतं. पाण्याचा रेटा गुरुत्वमध्याच्या पलीकडे गेला तर तो पेटीला परत सरळ करतो. मागे राहिला तर तोच रेटा तिला आणखी लोटतो. तुमच्या टाकीत दुसरा प्रकार घडला.

कललेल्या स्थितीत पाण्याच्या रेट्याची रेषा वर वाढवली की ती पेटीच्या मधल्या रेषेला एका बिंदूत छेदते. त्याला मेटासेंटर म्हणतात. फ्रेंच गणिती पिएर बुगे यांनी १७४६ साली जहाजांवरच्या ग्रंथात ही कल्पना मांडली. पृथ्वीचा आकार मोजायला ते अँडीज पर्वतात गेले होते आणि या ग्रंथाचं बरंच काम त्यांनी तिथेच केलं, याचं मला आजही नवल वाटतं. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असला की पेटी सावरते, वर गेला की उलटते.

आता तुमचे आकडे घेऊ. चौकोनी पेटीसाठी, बुडालेल्या भागाच्या मध्यापासून मेटासेंटर किती वर असतो ते काढायला रुंदीचा वर्ग करायचा आणि त्याला बुडालेल्या खोलीच्या बारापटीने भागायचं. ४०० भागिले १२०, म्हणजे ३.३ सेंमी. बुडालेल्या भागाचा मध्य तळापासून ५ सेंमीवर आहे, म्हणून मेटासेंटर ८.३ सेंमीवर. उभ्या डब्यांतल्या वाळूचा मध्य १३ सेंमीवर, पेटीचा स्वतःचा साधारण ८ वर धरू. दोन्ही मिळून गुरुत्वमध्य १२ सेंमीच्या आसपास येतो, जवळजवळ ४ सेंमी जास्त उंच. निम्मे डबे काढल्यावर एकूण ७ किलो झाले, तेव्हा मेटासेंटर ८.६ वर आणि गुरुत्वमध्य ११.६ वर. वजन निम्म्याच्या जवळ आलं, पण उंची फारशी हलली नाही, म्हणून निकालही बदलला नाही.

‘गुरुत्वमध्य बुडालेल्या भागाच्या मध्याखाली हवा, नाहीतर उलटणारच’ असा समज सर्रास आढळतो. पूर्ण पाण्याखाली गेलेल्या पाणबुडीसाठी तो खरा आहे, कारण तिथे आतबाहेर होणाऱ्या पाचरीच नसतात. पण पृष्ठभागावर चालणाऱ्या बहुतेक जहाजांचा गुरुत्वमध्य वरच असतो आणि ती आयुष्यभर सरळ चालतात. त्यांना रुंदी सावरून धरते. तुमचीच पेटी ३० सेंमी रुंद केली, वजन आणि डबे तसेच ठेवले, तर ती ६.७ सेंमी बुडेल आणि मेटासेंटर साडेचौदा सेंमीवर जाईल. तेच डबे तसेच उभे ठेवूनही ती सरळ राहील. (रुंद पेटी स्वतः थोडी जड होईल, पण त्याने उत्तर फिरत नाही.) मालवणकडची उलांडीची होडी पाहिली असेल. होडी इतकी अरुंद की एकटी सोडली तर पटकन कलेल, पण दोन आडव्या काठ्यांवर बाजूला एक ओंडका बांधला की तिची कामाची रुंदी कित्येक पटींनी वाढते. वजन जवळपास तेवढंच राहतं आणि माणूस होडीत उभा राहून जाळं टाकतो.

दुसरा उपाय म्हणजे वाळू डब्यांतून काढून तळावर पसरणं. थर पाचेक सेंमीचा होईल, गुरुत्वमध्य साडेतीन सेंमीवर उतरेल आणि २० सेंमीची पेटीही घट्ट उभी राहील. गलबतांच्या तळाशी नीरम म्हणून दगड भरत ते याचसाठी. पण नीरम घातलं की जहाज खोल बसतं, हेही लक्षात असू द्या. १६२८ साली १० ऑगस्टला स्वीडनची ‘वासा’ ही ६४ तोफांची युद्धनौका पहिल्याच सफरीत स्टॉकहोम बंदरात सुमारे १३०० मीटर जाऊन बुडाली. वाऱ्याच्या झोताने ती कलली आणि खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. निघण्याआधी ३० माणसांना डेकवर या बाजूने त्या बाजूला धावायला लावून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोलू लागलं की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही ते निघालं. तळाशी आणखी दगड घातले असते तर त्याच खिडक्या पाण्याच्या आणखी जवळ आल्या असत्या. वरचे मजले जड आणि रुंदी अपुरी, यावर नुसत्या दगडांचा इलाज नव्हता.

धावती माणसं वापरून केलेल्या त्या चाचणीचं शिस्तशीर रूप आम्ही यार्डात करायचो. शांत पाणी, सैल दोर, डेकवर ठरलेलं वजन आणि होल्डमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेत, टांगलेला लांब ओळंबा. एका मासेमारी बोटीचं उदाहरण देतो. वजन ६० टन, आम्ही ३०० किलो ३ मीटर बाजूला सरकवलं आणि २ मीटरचा ओळंबा ३.८ सेंमी हलला. त्यावरून गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या सुमारे ८० सेंमी खाली असल्याचं निघालं. पुढे मालकाने केबिनवर छप्पर वाढवलं, छपरावर जाळी रचायला सुरुवात केली आणि एका हंगामानंतर तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) स्वतः सांगत आला की बोट ‘आळशी’ झाली आहे, एका कुशीवर गेली की परत यायला वेळ लावते. त्याने कोणतंही गणित केलं नव्हतं, पण त्याचं निदान अचूक होतं. डोलण्याचा काळ लांबला म्हणजे ते ८० सेंमी कमी झालेत. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा ते निम्म्यावर आले होते. जाळी खाली उतरवून घेतली, तरच बोट सोडू असं मी सांगितलं आणि त्या बाबतीत कुणाचंही ऐकलं नाही. बोटीचं डोलणं मंद आणि सुखाचं वाटू लागलं की प्रवाशांना बरं वाटतं, मला धडकी भरते.

हे सगळं गणित थोड्याच कलण्यासाठी खरं आहे, साधारण दहा अंशांपर्यंत. काठ पाण्याखाली गेला की रुंदीचा आधार झपाट्याने सुटतो. म्हणून सपाट तराफा आधी दगडासारखा स्थिर वाटतो आणि मग एका क्षणात पलटतो. पाण्याबाहेरची उंची तिथे कामाला येते.

एक प्रयोग मुलीला नक्की करू द्या, कारण तो माणसांचे जीव घेणाऱ्या कारणापर्यंत नेतो. वाळू काढून पेटीत १० लिटर पाणी ओता. वजन तेवढंच आणि ते तळाशीच आहे, म्हणून पेटी स्थिर राहायला हवी असं वाटेल. पण जरा धक्का दिला की आतलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि बाहेरच्या पाचरीने मिळालेला सावरण्याचा जोर जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतो. १९८७ साली ६ मार्चला बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरी पुढचे दरवाजे उघडे राहिल्यामुळे अशीच उलटली. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, ते अडवायला मध्ये एकही भिंत नव्हती आणि काही मिनिटांत फेरी आडवी झाली. १९३ माणसं गेली.

नंतर पेटीच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, एक फळी गच्च बसवा आणि कडा मेणाने बंद करा. दोन्ही खणांत ५-५ लिटर पाणी ओता. धावणाऱ्या पाण्याचा परिणाम चौथ्या हिश्श्यावर येईल आणि तीच पेटी, तेवढ्याच पाण्यासकट, हात काढल्यावर उभी राहील. फळी आडवी घालून पाहू असं मुलगी म्हणाली तर तेही करू द्या. कुशीवर कलताना तिचा काही उपयोग होत नाही, हे तिला हातालाच जाणवेल.