संमीलनभट्टीला ‘प्रजनक’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: फ्यूजन (संमीलन, म्हणजे हलके अणुगाभे जुळवणं) भट्टीत थोरियमपासून इंधन तयार करून ते फिशनच्या (विखंडन, म्हणजे जड गाभे फोडणं) वीजकेंद्रांना पुरवायचं, अशा भट्टीला ‘प्रजनक अणुभट्टी’ म्हणता येईल का? आणि ‘ब्लँकेट’ला, म्हणजे भट्टीभोवतीच्या, न्यूट्रॉन झेलून इंधन बनवणाऱ्या थराला, मराठीत काय म्हणावं?

नुसतं ‘प्रजनक’ नको. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुभट्टीमुळे हा शब्द रुळलाय आणि त्याचा अर्थ पक्का आहे: जाळते त्याहून जास्त विखंडनक्षम इंधन तयार करणारी भट्टी. इथे भट्टीला थोरियमपासून बनणारं इंधन, युरेनियम-२३३, स्वतःसाठी नकोच असतं, ते दुसऱ्यांसाठी बनवायचं असतं.

शिवाय इथे प्रजनन दोन गोष्टींचं चालतं. ड्यूटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांच्या एका संमीलनातून १४.१ एमईव्हीचा (एमईव्ही हे अणुऊर्जा मोजायचं एकक) एकच न्यूट्रॉन सुटतो. ट्रिटियम निसर्गात नावालाच सापडतो, त्यामुळे खर्च झालेला भरून काढायला न्यूट्रॉन लिथियमवर खर्चून त्यातून नवा ट्रिटियम बनवावा लागतो. मग थोरियमच्या वाट्याला काय? त्यासाठी बेरिलियम किंवा शिसं घालतात. वेगवान न्यूट्रॉन आदळला की त्यांतून दोन बाहेर पडू शकतात. म्हणून ‘प्रजनन गुणोत्तर’ (खर्चाच्या तुलनेत किती नवं बनलं) लिहिताना ट्रिटियमचं की युरेनियमचं, हे सांगितलंच पाहिजे.

एवढा खटाटोप कशाला? एका संमीलनातून १७.६ एमईव्ही मिळतात, युरेनियम-२३३च्या एका विखंडनातून सुमारे २००. दर संमीलनामागे एक अणू हाती लागला, तर १०० मेगावॉट संमीलनशक्तीची भट्टी वर्षभर अखंड चालून सुमारे ४३० किलो युरेनियम-२३३ देईल.

‘थोरियमचं युरेनियम होतं’ हे वाक्यही जरा घाईचंच. न्यूट्रॉन गिळून झालेला थोरियम-२३३ बावीसेक मिनिटांच्या अर्धायुष्याने प्रोटॅक्टिनियम-२३३ होतो, आणि त्याचं अर्धायुष्य २७ दिवसांचं. तेवढ्यात त्याने आणखी एक न्यूट्रॉन गिळला की शेवटी युरेनियम-२३४ बनतं. न्यूट्रॉनही गेला, इंधनही गेलं. वेगवान न्यूट्रॉनांमुळे थोडं युरेनियम-२३२ही तयार होतं. त्याच्या क्षयमालिकेतला थॅलियम-२०८ २.६ एमईव्हीचे गॅमा किरण सोडतो, त्यामुळे इंधनकांड्या जाड भिंतीआडून, दूरनियंत्रणानेच घडवाव्या लागतात.

माझी पसंती ‘इंधनजनक संमीलनभट्टी’ला. ‘संलयन’ हिंदीतून आलाय. चुकीचा नाही, पण ‘संमीलन’ असताना त्याची गरज काय? ब्लँकेट मात्र ब्लँकेटच राहू द्या. ‘आवरण’ म्हटलं तर इंधनकांडीवरची धातूची नळी समजली जाईल, आणि ‘पांघरूण’ वाचून लोक हसतील.