‘आध्यात्मिक व्यभिचार’ म्हणावं का, आणि परत येण्याला काय म्हणावं?

नागपूरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या आपल्या मंडळीत संडे स्कूल घेतात. बायबलातल्या होशेय संदेष्ट्याचा धडा चालू असताना ‘आध्यात्मिक व्यभिचार’ हे शब्द आले. नववी-दहावीच्या मुलींनी माना खाली घातल्या, मागच्या बाकावरची मुलं हसली. हा शब्द ठेवावा, की ‘बेइमानी’ म्हणून पुढे जावं? देवाकडे परत येण्याला ‘पश्चात्ताप’ म्हणावं, की हिंदी बायबलात आहे तसं ‘मन फिरवणं’? आणि आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘वापस येणं’ प्रार्थनेत चालेल का?

ताई, ‘व्यभिचार’ काढू नका, असं माझं मत आहे. मुलांना तो उलगडून सांगा. परत येण्यासाठी मात्र असा शब्द निवडा की माणूस कोणाकडे परत आला हे त्यातून कळावं.

व्यभिचार म्हणजे वि + अभि + चर्: धरलेली वाट सोडून भलतीकडे जाणं. संस्कृतात हा शब्द केवळ स्त्री-पुरुषांच्या संबंधांपुरता कधीच नव्हता. न्यायशास्त्रात जो हेतू (पुरावा म्हणून दिलेली खूण) साध्याला (सिद्ध करायच्या गोष्टीला) सोडून दुसरीकडेही आढळतो त्याला ‘सव्यभिचार’ म्हणतात. गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘भक्तिरव्यभिचारिणी’ असा प्रयोग आहे, म्हणजे एकाला सोडून दुसरीकडे न जाणारी भक्ती. तेव्हा भक्तीच्या संदर्भात हा शब्द बायबलाच्या भाषांतरकारांनी बाहेरून आणून बसवलेला नाही, तो आपल्याकडे आधीपासून होता. आज वर्तमानपत्रामुळे आणि कोर्टकचेरीमुळे त्याचा एकच अर्थ कानावर पडतो आणि मुलं हसतात ती त्या अर्थाला.

पण होशेयाच्या धड्यात तो अर्थही हवा आहे. इ.स.पू. आठव्या शतकात, इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात हा संदेष्टा बोलत होता, पुढे इ.स.पू. ७२२ मध्ये ते राज्य अश्शूरच्या हातून बुडालं. त्याची बायको गोमर. तिनं त्याला सोडलं. तिसऱ्या अध्यायात देव त्याला सांगतो, जा आणि दुसऱ्याची झालेल्या बाईवर पुन्हा प्रेम कर. ती गोमरच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. होशेय जातो आणि पंधरा शेकेल चांदी आणि वर जव मोजून तिला परत आणतो. हा भाग शिकवताना घाई करू नका. आपल्याच बायकोसाठी त्याला किंमत मोजावी लागते, तीही चांदी पुरली नाही म्हणून की काय, निम्मी धान्यात दिल्यासारखी. त्या माणसाला काय वाटलं असेल हे कोवळ्या वयाच्या मुलांनाही कळतं. देव म्हणतो, इस्राएलनं माझ्याशी हेच केलं. इथे ‘आज्ञाभंग’ हा शब्द घातला तर न्यायाधीश आणि आरोपी उभे राहतात. ‘व्यभिचार’ म्हटलं की ज्याचं घर मोडलं तो समोर येतो. संदेष्ट्याला हे दुसरं चित्र दाखवायचं आहे.

मुलींच्या खाली गेलेल्या मानांबद्दल मात्र वेगळं बोलायला हवं. हा शब्द स्त्रीलिंगात फार वापरला गेला आणि त्याचा भार बायकांवर पडला. संदेष्ट्यांच्या लेखी व्यभिचारिणी कोण? अख्खं राष्ट्र: राजे, याजक, व्यापारी, म्हणजे बहुतेक पुरुषच. याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायातही मूळ ग्रीक शब्द स्त्रीलिंगी आहे, ‘व्यभिचारिणींनो’, आणि तो सगळ्या मंडळीला उद्देशून आहे. होशेयाच्याच चौथ्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या मुलींना आणि सुनांना मी शिक्षा करणार नाही, कारण पुरुष स्वतःच वेश्यांकडे जातात. हे वचन वर्गात मोठ्यानं वाचा, मागच्या बाकावरच्या मुलांकडून वाचून घ्या.

आता ‘बेइमानी’. तुम्हाला तो शब्द रस्त्यावरचा वाटला असेल, पण त्याचं मूळ फार खोल आहे. अरबीत ‘ईमान’ म्हणजे विश्वास, श्रद्धा. मराठीत येता येता त्याचा अर्थ निष्ठा, प्रामाणिकपणा असा झाला. ‘इमानाला जागणं’ म्हणतो ते हेच. या ईमानचं जे सामी (अरबी, हिब्रू यांच्या भाषाकुळातलं) मूळ आहे, त्याच मुळातून हिब्रू ‘आमेन’ आला आहे. दर प्रार्थनेच्या शेवटी आपण जो शब्द उच्चारतो आणि गोकुळपेठेच्या बाजारात वजनात मारणाऱ्याला आपण जो शब्द ऐकवतो, ते एकाच घरचे आहेत. त्यामुळे ‘देवाशी बेइमानी’ म्हणण्यात काही चूक नाही. उलट पुस्तकी ‘अविश्वासूपणा’पेक्षा तो लवकर पोचतो. रोजच्या आयुष्यातल्या घसरणीला, म्हणजे प्रार्थना सुटणं, रविवार सुटणं, पैसा किंवा नोकरी देवाच्या जागी बसणं याला, मी बेइमानीच म्हणेन. पण होशेय, यिर्मया, यहेज्केल शिकवताना लग्नाचं चित्र आहे तिथे व्यभिचार राहू द्या. बेइमानी भागीदाराशीही होते, मालकाशीही होते. व्यभिचार फक्त तिथेच होतो जिथे आधी प्रीतीचं वचन दिलेलं असतं.

मालकावरून आठवलं. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात एक वाक्य आहे, जे मराठी माणसाला इतरांपेक्षा सहज कळावं. देव म्हणतो, त्या दिवशी तू मला ‘इशी’ म्हणशील, पुन्हा ‘बाली’ म्हणणार नाहीस. दोन्हींचा अर्थ ‘माझा नवरा’ असाच होतो. पण इशी म्हणजे माझा माणूस, आणि बाली म्हणजे माझा धनी. ज्या बआल देवाच्या मागे लोक लागले होते त्याच्या नावाचाही अर्थ धनी, मालक. आपल्या गावाकडे आजही बाई नवऱ्याचा उल्लेख ‘मालक’ म्हणून करते, जुन्या पिढीत ‘धनी’ म्हणत. देवाला तो शब्द नको आहे. भिऊन आलेली, धन्याकडे आलेली बायको त्याला नको, आपल्या माणसाकडे आलेली हवी. परत येण्याचा सगळा प्रश्न इथे आहे, म्हणून पुढचे शब्द निवडताना हे मनात असू द्यावं.

‘परत येणं’ याला हिब्रूत क्रियापद आहे ‘शूव’. जुन्या करारात ते हजाराहून अधिक वेळा येतं, साध्या घरी परत येण्यालाही आणि देवाकडे परत येण्यालाही. गंमत अशी की पाठ फिरवून जाण्यालाही याच धातूचा शब्द आहे, ‘मशूवा’. यिर्मयाच्या तिसऱ्या अध्यायात देव एकाच धातूचे तीन शब्द ओळीनं वापरतो: फिरा, फिरलेल्या मुलांनो, तुमचं फिरणं मी बरं करीन. मराठीत हे जवळजवळ तसंच करता येतं, कारण आपलं ‘फिरणं’ही दोन्ही बाजूंना जातं. शब्द दिला आणि फिरला, म्हणजे उलटला. वाटेतून माघारी फिरला, म्हणजे परत आला.

म्हणूनच ‘मन फिरवणं’ मला जपून वापरावंसं वाटतं. हिंदीत ‘मन फिराओ’ छान बसतं. नागपुरात ते कानावर पडणारच: मध्य प्रांताची ही एके काळची राजधानी, हिंदी आणि मराठी उपासना इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी चालल्या. शिवाय १९७० च्या २९ नोव्हेंबरला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली ती याच शहरात, तेव्हा प्रत्येकाची बोलण्याची लकब एका छताखाली आली. पण मराठीत ‘त्याचं मन फिरलं’ म्हणजे त्याचं मन उडालं. आणि ‘मन वळवणं’ म्हणजे दुसऱ्याची समजूत घालणं. वळवायचं मन आपलं असलं तरी ऐकणाऱ्याला दुसऱ्याचं वाटतं. नुसतं ‘वळणं’ मात्र स्वच्छ आहे, आणि मराठी बायबलात ते आहेच. प्रेषितांची कृत्ये, तिसरा अध्याय: ‘पश्चात्ताप करा व वळा’. दोन क्रिया, दोन शब्द, आणि मूळ ग्रीकमध्येही दोनच.

दोन का लागतात ते यहूदा आणि पेत्र या येशूच्या दोन शिष्यांकडे पाहिलं की कळतं. एकाच रात्री दोघांनी प्रभूला सोडलं. सकाळी यहूदा ‘पस्तावला’, असं मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. पस्तावा हा पश्चात्तापाचाच घरगुती झालेला शब्द, पण मूळ ग्रीक शब्द पश्चात्तापासाठी नेहमी येणाऱ्या ‘मेटानोइया’चा नाही, वेगळा आहे. आमच्या भाषांतरकारांनी तिथे पस्तावा घालून तो फरक राखला याचं मला फार कौतुक आहे. यहूदाचा पस्तावा खोटा नव्हता. त्यानं तीस नाणी परत केली, ‘मी पाप केलं’ हेही तोंडानं म्हटलं. पण कोणाला? याजकांना. प्रभूकडे तो गेलाच नाही. पेत्र बाहेर जाऊन रडला, आणि पुढे समुद्रकाठी प्रभू दिसताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे निघाला. त्याच्याविषयी प्रभूनं आधीच म्हणून ठेवलं होतं, ‘तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर’. दोन मुलगे आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात ‘जात नाही’ म्हणणारा मुलगा नंतर पस्तावतो तेव्हाही ग्रीक शब्द यहूदाचाच आहे, पण हा मळ्यात जातो. म्हणजे पस्तावा वाईट नाही, पाय कुठे गेले ते पाहायचं. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतही तो ‘शुद्धीवर’ येतो आणि मग म्हणतो, मी उठून आपल्या बापाकडे जाईन. बापाकडे; गावाकडे, शेताकडे, भाकरीकडे नाही.

‘पश्चात्ताप’ म्हणा, जरूर म्हणा, तो रूढ आहे. (लिहिताना त् अर्धा आणि मग ता: पश्चात् + ताप. ‘पश्चाताप’ चूक.) मात्र ‘प्रायश्चित्त’ त्याच्या जागी घालू नका. त्यात भरपाई आहे, दंड आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, त्या शब्दाला समाजानं तो अर्थ चिकटवून ठेवला आहे. बायबलात ते ख्रिस्तानं केलेलं आहे: ‘तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे.’ कॅथॉलिक मंडळींत प्रायश्चित्त संस्कार आहे, त्याचा अर्थ आणि रीत ठरलेली आहे, तिथे तो शब्द योग्यच. पण राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, त्यांच्याकडेही योएल संदेष्ट्याचं वाचन होतं त्यात देव ‘माझ्याकडे परत या’ असंच म्हणतो, वस्त्रं नव्हे तर हृदयं फाडा म्हणतो.

राहिलं ‘वापस’. नागपुरातल्या सदर भागातल्या एका घरगुती प्रार्थनासभेत मी एका आजींना ऐकलं आहे. बऱ्याच वर्षांनी मंडळीत आल्या होत्या. डोक्यावर पदर, चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. तयार शब्दांत प्रार्थना करायला सांगितली तर त्या दोनदा थांबल्या, ‘पश्चात्ताप’पाशीच. मग म्हणाल्या, ‘प्रभू, मी लय दूर गेली होती. तुयाकडे वापस आली.’ खोलीत कोणालाही अर्थ विचारावा लागला नाही. वापस फारसीतून आला, म्हणून तो कमी मराठी होत नाही. विदर्भात घरी यायलाही तोच शब्द आणि हिब्रूतल्या शूवचंही तसंच आहे, दुकानातून घरी येणं आणि देवाकडे येणं एकाच क्रियापदात. तेव्हा चालेल. मुलांना प्रार्थना लिहायला सांगाल तेव्हा ‘वापस आली’ खोडून ‘परत आले’ करू नका. तपासायचं ते एवढंच, की वाक्यात ‘तुझ्याकडे’ आहे का.