शुगर किती, हे रोज विचारू नका

ताई, मुलगा अठराचा, टाइप वन डायबेटिस, जूनमध्ये हॉस्टेलला निघालाय आणि शुगर विचारली की चिडतो, असं तुम्ही लिहिलंय. मी त्याच्या जागी होतो. नवव्या वर्षापासून इन्सुलिन, अठराव्या वर्षी सांगलीहून पुण्याला.

आई रोज रात्री फोन करायची. "जेवलास का?" च्या आधी "शुगर किती?" २८० सांगितली की दहा मिनिटं उलटतपासणी. मग मी १४० सांगायला लागलो. डायरीतही तेच, कधी निळ्या कधी काळ्या पेनने, म्हणजे एका बैठकीत भरल्यासारखी वाटू नये! तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ११ च्या वर, म्हणजे फारच जास्त. डॉक्टरांनी डायरी चाळली आणि म्हणाले, "तुझं ग्लुकोमीटर भारी आहे रे, सगळे आकडे शून्याने नाहीतर पाचाने संपतात."

त्यानंतर आईशी ठरलं की आकडा विचारायचा नाही. विचारायचं ते सामानाचं: शुगर तपासायच्या स्ट्रिप्स किती उरल्या, चालू इन्सुलिन पेन कधी उघडलं (बहुतेक पेनं उघडल्यावर २८ दिवसच चालतात). याची उत्तरं मी खरी द्यायचो. ताप किंवा उलट्या सुरू झाल्या तर मात्र फोन मी करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. "काही खाल्लंच नाही, मग इन्सुलिन कशाला" म्हणून लाँग-अ‍ॅक्टिंग (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) बंद करणारी पोरं किटोन्स (इन्सुलिनअभावी रक्तात साठणारी आम्लं) वाढून आयसीयूत पोचतात. एवढं एक त्याच्याकडून घोकून घ्या.

रूममेटला पहिल्याच आठवड्यात सांगायला लावा. मी लपवलं होतं. एका पहाटे शुगर उतरली, मी घामाने चिंब, असंबद्ध बडबडतोय. त्याला वाटलं पिऊन आलोय. रूममेटला एवढं माहीत हवं: शुद्धीत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. आणि दारूचा विषय तुम्हीच काढा, अवघड वाटलं तरी. प्यायल्यावर लिव्हर साखर सोडायचं काम बाजूला ठेवतं, त्यामुळे शुगर कधीकधी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली येते.

सिरिंज वापरत असेल तर आतापासून दुकानात त्यालाच पाठवा. इन्सुलिन एका मिलीलिटरला ४० युनिटचं आणि १०० युनिटचं मिळतं, सिरिंजही तशाच वेगळ्या; ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन ओढलं तर अडीचपट डोस जातो. इन्सुलिन हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवायचं. एकदा गोठलं की फेकूनच द्यायचं.

आता बालरोगतज्ज्ञ सुटतील. मोठ्यांच्या ओपीडीत बहुतेक गर्दी टाइप टूची (बहुतेकदा मोठेपणी होणारा डायबेटिस), तिथे मला आधी "साखर बंद" चा छापील कागद मिळाला होता. पहिल्या भेटीला सोबत जा, पण आत त्याला एकट्याला पाठवा. माझी आई फाइल मांडीवर घेऊन बाहेर बाकावरच बसून राहिली. डोस मला तोंडपाठ सांगावे लागले. त्यातला एक चुकला.