सात फुटांचे बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीत काढलेल्या सहा वर्षांविषयी मी मागील अंकात लिहिले होते. त्यावर ठाणे व नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाचांना येथे उत्तरे देत आहे. ज्यांनी तो लेख वाचला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगते की नॅरोबोट म्हणजे सुमारे ७ फूट रुंद आणि लांबीने ३० पासून ७० फुटांपर्यंत असणारी पोलादी होडी. अठराव्या शतकात कोळसा आणि इतर माल वाहण्यासाठी जे अरुंद कालवे खोदले गेले, त्यांच्या मापाने ती बेतलेली असते, आणि आज हजारो माणसे तिच्यात बारमाही संसार करतात.

प्रश्न : माझ्या मुलाने व सुनेने भाडे परवडेना म्हणून बर्मिंगहॅमजवळ ५७ फुटी नॅरोबोट विकत घेतली आहे. दोघांनाही पोहता येत नाही. मुलगा म्हणतो, “आई, पाणी कमरेइतकेच आहे.” मात्र गेल्या आठवड्यात त्यानेच सांगितले की ओळखीच्या एकाची होडी बुडाली. कमरेइतक्या पाण्यात होडी बुडते कशी? तो माझ्यापासून काही लपवतो आहे का? — एक आई, ऐरोली

उत्तर : आपला मुलगा काही लपवत नाही, आणि त्याच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कालवा बहुतेक ठिकाणी तीन-चार फूटच खोल असतो. मोकळ्या कालव्यात नॅरोबोट बुडाली, तर ती तळाला टेकते, छप्पर पाण्यावर राहते आणि माणसे चिखल तुडवत काठावर येतात; गादी, पुस्तके, डाळ-तांदूळ आणि इंजिन यांचे मात्र मातेरे होते. जिवावर बेतू शकते ते लॉकमध्ये, म्हणून ते काय प्रकरण आहे हे नीट समजावून सांगते.

कालव्याला चढ-उतार आला की पाण्याची पायरी करावी लागते. दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी हौद बांधलेला असतो. होडी आत घ्यायची, मागचे दार लावायचे आणि पुढच्या दारातल्या झडपा हँडलने फिरवून उघडायच्या. अरुंद हौदातूनही एका खेपेस सुमारे लाखभर लिटर पाणी उतरते आणि त्याबरोबर होडी दोन-तीन मीटर खाली जाते. वरच्या दाराच्या पायथ्याशी एक दगडी उंबरा हौदात पुढे आलेला असतो. त्याला ‘सिल’ म्हणतात. हौद भरलेला असताना तो दिसतच नाही. होडी खाली उतरत असताना तिची पिछाडी त्या उंबऱ्यावर राहिली, तर पाणी खाली जाते, पिछाडी वरच अडकते आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, बुडू लागते. होडीच्या पुढच्या दारातून पाणी आत शिरले की होडी वाचवायला मिनिटेच उरतात. उंबरा कोठवर आहे हे दाखवणारी खूण काठाच्या दगडावर पांढऱ्या रंगाने केलेली असते, आणि पिछाडी त्या खुणेच्या पुढे ठेवणे एवढाच काय तो उपाय असतो. तरीही अपघात होतात, कारण झडप उघडणारा माणूस काठावरच्या कोणाशी तरी गप्पा मारत असतो आणि सुकाणू धरणारा चहा पीत असतो. होडी जराशी कलताना दिसली, तर खालच्या झडपा तत्काळ बंद कराव्यात आणि मग वरून हळूहळू पाणी घ्यावे. मुलाला हा क्रम तोंडपाठ आहे का, हे आपण अवश्य विचारावे. त्याला राग आला तरी चालेल.

बुडण्याचे दुसरे कारण ऐकून आपल्याला हसू येईल. नॅरोबोटीच्या पिछाडीला, पंख्याच्या बरोबर वर, एक झाकणबंद चौकोनी भोक असते. पंख्यात प्लॅस्टिक, दोर किंवा गवत अडकले की इंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात ठेवून, त्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालून ते कापून काढावे लागते. एका जानेवारीत बर्मिंगहॅमच्या अलीकडे आमची होडी अशीच थबकली. माझे पती पोटावर आडवे पडून पाऊण तास स्वयंपाकघरातल्या सुरीने काहीतरी कापत होते. त्यांच्या हाताला प्रथम चिंधी लागली, मग जरीचा काठ लागला, आणि शेवटी अख्खी सहावारी पॉलिएस्टरची साडी तुकड्या-तुकड्यांनी वर आली. त्या साडीपायी आम्ही इतके हसलो, की झाकणाचे स्क्रू पुरते आवळायचे राहून गेले. पंखा फिरू लागताच पाण्याचे कारंजे इंजिनाच्या खोलीत उडाले. आवाज बदलल्याचे कानाला वेळीच जाणवले, म्हणून थोडक्यात निभावले. झाकण तसेच ठेवून तासभर पुढे गेलेल्या होड्या बुडाल्याची उदाहरणे आहेत.

आपली खरी काळजी मात्र मी पाण्याकडून काढून दुसरीकडे वळवणार आहे. होडीत कोळसा आणि लाकूड जाळणारी लोखंडी शेगडी असते, आणि थंडीने कुडकुडणारी माणसे हवेच्या झरोक्यांत चिंध्या कोंबतात. अशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. १ एप्रिल २०१९ पासून, राहण्याची जागा असलेल्या होड्यांवर या वायूचा अलार्म असणे तेथील सुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. मुलाच्या होडीवर तो असणारच. पण त्याचे बटण दाबून शेवटचे कधी पाहिले, हा प्रश्न दर रविवारच्या फोनवर विचारण्यासारखा आहे. त्याखेरीज एकच सांगा, की होडी भिंतीवर आदळत असेल तर ती हाताने किंवा पायाने थोपवू नये. ५७ फुटी होडीचे वजन १५ टनांच्या वर असू शकते आणि तिला ब्रेक नसतो.

प्रश्न : आम्ही दोघे ऑक्टोबरमध्ये मुलाकडे तीन आठवडे नॅरोबोटीवर राहायला जात आहोत. माझे वय ६८ असून पत्नीचे गुडघे दुखतात. सूनबाई म्हणतात, “पाणी जपून वापरावे लागेल.” म्हणजे नक्की किती? शौचालयाची सोय कशी असते? आणि नुसते पाहुणे होऊन न बसता आम्ही कोणते काम करू शकतो? — एक निवृत्त अभियंता, कळवा

उत्तर : आपल्याकडे बाथरूमच्या माळ्यावर जेवढी टाकी बसवतात, साधारण तेवढ्याच टाकीवर होडीतला संसार चालतो, ३०० ते ५०० लिटर धरून चाला. ती टाकी रिकामी झाली की वॉचमनला फोन करून पंप लावता येत नाही. होडी हाकत पाण्याच्या नळापर्यंत जायचे, पाइप जोडायचा आणि तासभर उभे राहायचे. चार माणसांनी रोज बादलीभर पाण्याने आंघोळ केली, भांडी वाहत्या नळाखाली घासली, तर तीन-चार दिवसांत पुन्हा तो प्रवास ठरलेला.

शौचालय बहुधा कॅसेटचे असते. बैठकीखाली चाकांचा, सुमारे २० लिटरचा डबा असतो. तो भरला की ओढत नेऊन ठरावीक जागी रिकामा करावा लागतो. कृपा करून “येथे जेट स्प्रे का बसवत नाही?” असे विचारू नका, कारण जेटचे प्रत्येक लिटर पाणी त्याच डब्यात जाते. मगात थोडे पाणी घेऊन भागवण्याची सवय दोघांनी येथेच करून जावी. आणि काम हवे असेल, तर तो डबा रिकामा करण्याची पाळी पहिल्याच आठवड्यात आपण मागून घ्या. माझ्या सासऱ्यांनी ती घेतली होती, आणि पुढे माझ्या माहेरच्या प्रत्येक लग्नात त्यांचा मान वरातीच्या पुढे राहिला.

दुसरा विषय वाफेचा आहे, आणि तो पत्नीच्या कानावर घालावा. पोलादी भिंती गार आणि आतली हवा उबदार असते. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, की खिडक्यांवरून पाणी ओघळते, ते लाकडी फळ्यांमागे मुरते आणि गाद्यांखाली बुरशी धरते. वरण-भात लावताना खिडकी उघडी ठेवावी, थंडी वाजली तरी. बोंबील तळण्याचा बेत असेल, तर तो काठावर छोटी शेगडी ठेवून उरकावा. आतली रुंदी जेमतेम सहा फूट असते आणि त्या बोगद्यात वास दोन दिवस मुक्कामाला राहतो.

गुडघ्यांविषयी बोलायचे तर होडीत उतरायला दोन-तीन उभ्या पायऱ्या असतात. तेथे पाठमोरे उतरावे, शिडीवरून उतरतो तसे. लॉकचे दार उघडताना आपण मदत करू शकता. दारावरच्या लांब तुळईला पाठ टेकवून, पाय रोवून सावकाश रेटायचे, दोन्ही बाजूंचे पाणी समपातळीला आले की अवजड दारही हलते. त्याआधी तसूभर हलत नाही, तेव्हा उगाच जोर लावू नये. झडपेचे हँडल मात्र काम झाले की दांड्यावरून काढून हातात ठेवावे. दात्याची पकड सुटली, तर ते गरगरा फिरते आणि मनगट मोडते.

प्रश्न : मी पुढील वर्षी शिक्षणासाठी इंग्लंडला जाणार आहे. नॅरोबोट घेतली तर घरभाडे पूर्णपणे वाचेल, असे व्हिडिओंत दाखवतात. हे खरे आहे का? — एक विद्यार्थी, खारघर

उत्तर : व्हिडिओ बहुधा जूनमध्ये काढलेले असतात. इंग्लंड व वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट २०१२ पासून सांभाळतो. त्याचा परवाना, दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र, विमा, आणि दोन-तीन वर्षांनी होडी पाण्याबाहेर काढून तळाला डांबरासारखा काळा लेप, हा खर्च कोणालाच चुकत नाही. होडी बांधायला कायमची जागा घेतली, तर तिचे भाडे वेगळे. नाही घेतली, तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि पुलाच्या अलीकडून पलीकडे सरकणे म्हणजे जागा बदलणे नव्हे. महाविद्यालय एका जागी आणि घर दर पंधरवड्याला पुढच्या गावी, अशी ही कसरत आहे. त्यात नोव्हेंबर ते मार्च या काळात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवले जातात. तारखा आधी पाहिल्या नाहीत, तर परीक्षेच्या वेळी आपण बंद दाराच्या चुकीच्या बाजूला असाल. बँकेला पक्का पत्ता हवा असतो, हे आणखी एक. पहिल्या वर्षी खोली घ्यावी, सुटीत आठवडाभर भाड्याची होडी हाकून पाहावी, आणि तीही फेब्रुवारीत.

प्रश्न : आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या खाडीत होड्या हाकत आले आहे. अशी एखादी होडी ठाण्याच्या खाडीत आणून राहता येईल का? घोडबंदर रोडच्या वाहतुकीला कंटाळून विचारतो आहे. — एक वाचक, कोलशेत

उत्तर : आपल्या प्रश्नात थट्टा किती आणि गांभीर्य किती हे मला नक्की कळलेले नाही, तरी गंभीरपणे उत्तर देते, कारण खाडी आणि कालवा यांतला फरक आपल्याइतका नीट कोणाला समजणार? कालव्याचे पाणी वर्षभर एकाच पातळीवर ठेवलेले असते. आपल्या खाडीत उधाणाच्या भरतीला आणि सुकतीला चार मीटरपर्यंत फरक पडतो. भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत तो कमी, एवढेच. नॅरोबोटीचा तळ सपाट पत्र्यासारखा असतो. ओहोटीला ती चिखलात बसेल, गाळ तिला चिकटून धरील, आणि भरती आली की ती उठायच्या आत पाणी कडेवरून आत येईल, कारण तिची कड आणि इंजिनाचे झरोके पाण्यापासून थोडेच वर असतात. कालव्यात लाट येत नाही, म्हणून ते चालते. चार मैल ताशी ही तेथील वेगमर्यादा आहे, आणि बांधलेल्या होड्यांजवळून त्याहूनही सावकाश जावे लागते. एखादा जरा वेगाने गेला, तर पाण्याच्या ओढीने काठावर ठोकलेले खुंटे उपटतात आणि आतला चहा मांडीवर सांडतो.

शिवाय खारे पाणी. पोलाद गंजू नये म्हणून तळाला दुसऱ्या धातूच्या वड्या जोडतात, म्हणजे गंज आधी त्यांना खातो. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम चालते, खाऱ्या पाण्यात जस्त लागते. मॅग्नेशियमच्या वड्या लावलेली होडी खाडीत सोडली, तर त्या झपाट्याने झिजून जातील. आणि ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो रामसर स्थळही झाला. तेथे बिऱ्हाड थाटू देणार कोण? मासुंदा तलावात पाणी स्थिर आहे खरे, पण तळ्याला दोन फेऱ्या मारल्या की प्रवास संपला. आपली गोल बुडाची होडीच या खाडीला योग्य आहे, आणि घोडबंदर रोडवर माझ्याकडे तोडगा नाही.

प्रश्न : भाची लंडनजवळ नॅरोबोटीवर राहते. तिला दिवाळीची भेट म्हणून भारतीय मिक्सर पाठवावा म्हणते. विजेचा प्रश्न येईल का? — एक मावशी, वाशी

उत्तर : व्होल्टेज जुळेल, वीज पुरणार नाही. होडीतली वीज १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून येते आणि इन्व्हर्टर ती घरच्या विजेसारखी करतो. ७५० वॉटचा मिक्सर त्यातून ६० अँपिअरहून अधिक ओढतो. दिवाळीच्या सुमारास तेथे ऊन इतके कमी असते, की छपरावरचे सौर पॅनेल जेमतेम दिव्यांपुरते चालते, आणि बॅटऱ्या भरायला इंजिन लावावे, तर रात्री ८ ते सकाळी ८ ते चालवण्यास मनाई आहे. भाची चटणी वाटेल ती दुपारी, इंजिन चालू असताना. त्यापेक्षा लहानसा पितळी खलबत्ता पाठवा, आणि तो खालच्या फळीवर ठेवायला सांगा. लॉकच्या भिंतीला होडी लागली, की वरच्या फळीवरचे सगळे खाली येते.