लग्नाची डीव्हीडी घरच्या घरी

प्रश्न : मुलीच्या लग्नाचे चित्रीकरण एमपी-फोर स्वरूपात आहे. ते डिस्कवर कॉपी केले, तरी आमच्या जुन्या प्लेअरवर चालत नाही. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

उत्तर : नुसती फाइल कॉपी केल्याने व्हिडिओ डीव्हीडी तयार होत नाही. त्यासाठी चित्रीकरणाचे एमपीईजी-२ या डीव्हीडी प्लेअरला वाचता येणाऱ्या स्वरूपात रूपांतर होऊन डिस्कवर ‘व्हिडिओ_टीएस’ हा फोल्डर तयार व्हावा लागतो, आणि हे काम ‘डीव्हीडीस्टायलर’ हे मोफत सॉफ्टवेअर मेन्यूसह नेटके करते. त्यामुळे पैसे मोजण्याची गरज मला तरी वाटत नाही. सुरुवातीलाच ‘पाल’ (आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत), म्हणजे ७२० बाय ५७६ पिक्सेल, हा पर्याय निवडावा. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तासांहून अधिक चित्रण कोंबू नये, कारण मग अक्षता पडतानाच्या गर्दीत चेहऱ्यांऐवजी चौकोनी ठिपकेच दिसू लागतात.