परदेशी पाहुणा आणि रविवारची उपासना: वाचकांचे प्रश्न

चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांत वर्ष-दोन वर्षांसाठी आलेले परदेशी इंजिनिअर सुट्टीच्या दिवशी जवळची मंडळी, म्हणजे चर्च, शोधतात. त्यांना सोबत नेणारे सहकारी, घरी उतरवून घेणारी कुटुंबे आणि स्वागत करणाऱ्या कमिट्या अशा तिन्ही बाजूंनी प्रश्न आले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या कंपनीत एक कोरियन आणि एक इथिओपियन सहकारी आले आहेत. दोघेही ख्रिस्ती आहेत. त्यांना कुठल्या चर्चमध्ये न्यावं? आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, ही आणखी एक अडचण.
– एक वाचक, चाकण

आधी दोघांना त्यांचा पंथ विचारा. कोरियन म्हणजे प्रेस्बिटेरियन असं पटकन गृहीत धरलं जातं, पण कोरियात कॅथलिक आणि मेथडिस्टही भरपूर आहेत. इथिओपियन बहुधा ऑर्थोडॉक्स असेल, पण तिथे प्रोटेस्टंटही कमी नाहीत.

प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, काँग्रिगेशनल किंवा बाप्टिस्ट असेल तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सीएनआयची मंडळी गाठा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात या आणि आणखी काही पंथांच्या मंडळ्या एकत्र आल्या. अमेरिकन मिशनमधून वाढलेली मेथडिस्ट मंडळी मात्र तेव्हा बाहेर राहिली. तिची चर्चेस आजही वेगळी आहेत, तेव्हा मेथडिस्ट पाहुण्याला तिकडे न्या. इथिओपियन ऑर्थोडॉक्स माणसासाठी मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च योग्य. दोन्ही मंडळ्या एकाच प्राचीन परंपरेतल्या असून त्यांच्यात प्रभुभोजनाचीही, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचीही, सहभागिता आहे. कुर्बाना, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, बहुतेक मल्याळममध्ये असतो, बराच लांबतो आणि त्यातला मोठा भाग उभ्याने होतो. इथिओपियन माणसाला त्याचं काही वाटणार नाही. सोबत जाणाऱ्याने सकाळी पोटभर चहा घेऊन निघालेलं बरं.

भाषेचं म्हणाल तर पुण्यात लष्कर भागातल्या चर्चेसमध्ये इंग्रजी उपासना मिळते. सेंट मेरीज १८२५ सालचं आहे, आणि कॅथलिकांसाठी सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल आहे. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय मराठी मंडळीचं. वेळा उन्हाळ्यात आणि सणावारी बदलतात, म्हणून शनिवारी फोन करून खात्री करून घ्या. नकाशावर दिसणारी वेळ बऱ्याचदा जुनी असते.

पाहुणा मराठी उपासनेला आला तर शब्द कळणार नाहीत, पण अर्धी गाणी ओळखीची निघतील. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकात पाश्चात्त्य चालीवरची भाषांतरित गीतं बरीच आहेत. ती सुरू झाली की त्याने आपल्या भाषेत खुशाल म्हणावीत. नारायण वामन टिळकांची पदं आणि अभंग आले की मात्र ऐकत बसावं. गीतांचे क्रमांक पुढच्या फळ्यावर लावलेले असतात.

आता गुरुवारच्या सुट्टीबद्दल. कॅथलिक माणसाची अडचण सोपी आहे, कारण शनिवार संध्याकाळची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, रविवारची म्हणून धरली जाते. प्रोटेस्टंटांसाठी काही ठिकाणी रविवारी संध्याकाळची उपासना असते. नाहीतर महिन्यातला एक रविवार बदली सुट्टी मागावी, आणि तो पहिला असावा, कारण बहुतेक मराठी मंडळ्यांत प्रभुभोजन पहिल्या रविवारी असतं. आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनासभांना परदेशी माणसाला नेऊ नये असं आमचं मत आहे. त्याने तिथे नुसतं बसण्यात बेकायदा काही नाही. पण वस्तीत गैरसमज पसरतो तो अशाच बैठकांवरून, आणि चौकशी झाली की पहिला प्रश्न पाहुण्याच्या पासपोर्टबद्दल येतो.

प्रश्न : रांजणगावला नोकरी करणारे एक जर्मन गृहस्थ तीन महिन्यांपासून नियमित आमच्या मंडळीत येतात. येत्या वार्षिक सभेत त्यांचा सत्कार करून त्यांना ‘दोन शब्द’ बोलायला सांगावं असं कमिटीने ठरवलं आहे. पाळकसाहेबांना शंका आहे. कोण बरोबर?
– सेक्रेटरी, अहिल्यानगर जिल्हा

पाळकसाहेब बरोबर. या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण परदेशी पाहुणा अडचणीत येतो तो बहुतेक वेळा यजमानांच्या प्रेमापोटी.

केंद्रीय गृह मंत्रालयाचं व्हिसा धोरण या बाबतीत स्पष्ट आहे. कोणत्याही व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला धर्मस्थळी जायला, नेहमीच्या उपासनेत सहभागी व्हायला आणि प्रवचन ऐकायला मुभा आहे. धार्मिक विचारांचा प्रचार, धर्मस्थळी भाषणं, धार्मिक पत्रकं वाटणं किंवा दृक्‌श्राव्य साहित्य दाखवणं, धर्मांतराचं काम यांतलं काहीही चालत नाही. नोकरीसाठी मिळणारा एम्प्लॉयमेंट व्हिसा तर एका कंपनीतल्या एका कामापुरता असतो. तेवढ्यावर मंडळीत दुसरी भूमिका घेता येत नाही.

गफलत होते ती ‘साक्ष’ या प्रकारात. उपदेश नको हे कमिटीला पटतं, पण “प्रभूने तुमच्यासाठी काय केलं ते थोडक्यात सांगा” एवढी विनंती निरुपद्रवी वाटते. व्यासपीठावरून, ध्वनिक्षेपकातून, जमलेल्या लोकांपुढे दिलेली साक्ष हे धार्मिक भाषणच ठरतं. तरुण संघाची सभा, सुट्टीतली व्हीबीएस म्हणजे मुलांची बायबल शाळा, संडे स्कूलचा वर्ग, आजाऱ्यांवर हात ठेवून जाहीर प्रार्थना हेही त्याच रांगेत धरा. पियानो किंवा गिटार वाजवून गाण्याला साथ देणं आमच्या मते उपासनेतलाच सहभाग आहे. पण ‘परदेशी पाहुण्यांचा खास कार्यक्रम’ अशी जाहिरात केलीत की तो वेगळाच प्रकार झाला.

दुसरी चूक फ्लेक्सची. ‘प्रमुख वक्ते’ म्हणून पाहुण्याचा फोटो छापून चौकात लावला जातो, उपासना सोशल मीडियावर थेट दाखवली जाते. उद्या तक्रार झाली तर पुरावा कुणाला शोधावा लागत नाही, तुम्हीच तयार करून ठेवलेला असतो. परिणाम भोगायचे ते पाहुण्याने. व्हिसा रद्द होणं, देश सोडण्याची नोटीस, पुढे भारतात येण्यावर बंदी, आणि यासोबत नोकरी जाणं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्टमध्ये व्हिसाच्या अटी मोडल्याबद्दल तुरुंगवास आणि लाखांतल्या दंडाची तरतूद आहे.

सत्कार करायचाच असेल तर तो आहे त्या जागी, बाकावरच करा. सेक्रेटरींनी नाव आणि गाव सांगावं, पाहुण्याने उभं राहून हात जोडावेत, “सलाम” किंवा “जय ख्रिस्त” म्हणावं, शाल किंवा गुलाबाचं फूल घ्यावं आणि बसावं. खरोखरच परदेशी वक्ता हवा असेल तर त्याने येण्यापूर्वी आपल्या देशातल्या भारतीय दूतावासातून मिशनरी व्हिसा काढायला हवा. इथे आल्यावर एम्प्लॉयमेंट व्हिसाचं त्यात रूपांतर करून मिळेल या भरवशावर कार्यक्रम ठरवू नका.

प्रश्न : हेच पाहुणे छपरासाठी १ लाख रुपये देऊ म्हणतात. पगार त्यांना भारतात, रुपयांत मिळतो. पावती फाडू का?
– खजिनदार, त्याच मंडळीतून

फाडू नका. एफसीआरए कायद्यात, म्हणजे २०१० च्या विदेशी अंशदान कायद्यात, देणारा कोण हे पाहतात. पैसा कुठल्या चलनात आला याला महत्त्व नाही. परदेशी नागरिकाने भारतात कमावलेल्या रुपयांतून दिलेली देणगीही विदेशी अंशदानच ठरते. संस्थेसाठी त्यात ‘इतक्या रकमेपर्यंत चालतं’ अशी किमान मर्यादाही नाही.

एफसीआरएखाली नोंदणीकृत संस्थेलाही ही रक्कम नेहमीच्या खात्यात घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी अंशदान स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास एफसीआरए खात्यातच यावं लागतं. तिथून ते स्वतःच्या दुसऱ्या एफसीआरए खात्यात वळवता येतं. कमिट्यांना सुचणारी नेहमीची वाट म्हणजे धर्मप्रांताची (डायोसिसची) नोंदणी आहे, तिथे पैसे घेऊ आणि मग आपल्याकडे वळवू. त्याच दुरुस्तीने ही वाटही बंद केली आहे. एका संस्थेला मिळालेलं विदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. तुमची मंडळी कायद्याने धर्मप्रांताचाच भाग आहे की वेगळा ट्रस्ट आहे, हे आधी चार्टर्ड अकाउंटंटकडून कागदावर तपासून घ्या. सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

अर्पणाच्या थैलीत टाकलेल्या ५० रुपयांना नाव नसतं, त्यामुळे तो प्रश्न सहसा कुणी उकरत नाही. तरी नियम तोच आहे. यूपीआय, चेक आणि नावाची पावती तर हमखास टाळा. हार्वेस्टच्या, म्हणजे कापणीच्या सणाच्या, लिलावात दुधीभोपळा ५,००० रुपयांना घेणं हीही देणगीच असते, हे खजिनदाराला वेगळं सांगायला नको. रास्त दराने विकत घेतलेलं कॅलेंडर किंवा गीतपुस्तक हा साधा खरेदीव्यवहार आहे, तो चालतो.

प्रश्न : मूळचा नगरचा, आता अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड आहे. वर्षभरासाठी पुण्यात कामाला आलो आहे. माझ्याच आजोबांच्या मंडळीत उपदेश करायलाही बंदी?
– एक वाचक, पुणे

परवानगीशिवाय हो. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला, मिशनरी किंवा तबलिगी (धर्मप्रचाराचं) काम, पत्रकारिता, संशोधन अशा कामांसाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. ती एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं कार्यालय, किंवा भारतीय दूतावासाकडे मागायची. एका रविवारचा उपदेश म्हणजे मिशनरी काम का, यावर वाद घालता येईल, पण तो वाद पोलीस ठाण्यात घालायची वेळ येऊ नये. शास्त्रवाचन करा, गायनमंडळात उभे राहा, उपदेश पाळकांवर सोपवा.

देणगीच्या बाबतीतही तुम्ही ‘विदेशी’च. तुमचा एखादा भाऊ भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करत असेल, तर त्याने स्वतःच्या पैशातून दिलेली देणगी मात्र विदेशी अंशदान ठरत नाही.

प्रश्न : मिस्टरांचे फिलिपिनो सहकारी आणि त्यांचे एक प्रोटेस्टंट मित्र नाताळला तीन दिवस आमच्याकडे उतरणार आहेत. पोलिसांना कळवावं लागतं असं शेजारी म्हणतात. मध्यरात्रीच्या मिस्साला दोघांना नेलं तर चालेल ना?
– एक वाचक, वसई

कळवावं लागतं, आणि तेही २४ तासांच्या आत. हॉटेलवाल्यांचा तो जुना ‘सी-फॉर्म’. खाजगी घर, धर्मशाळा, चर्चचं गेस्टहाऊस, कुणालाही सूट नाही. नोंद ऑनलाइन होते. पहिल्यांदा घरमालक म्हणून तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन खातं उघडावं लागतं, म्हणून हे काम पाहुणे येण्याच्या आठवडाभर आधी उरकून ठेवा. मग प्रत्येकाचा फोटो, पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील, कुठून आले, कुठे जाणार हे भरायचं. भारतात आल्याची तारीख आणि तुमच्या घरी आल्याची तारीख असे दोन रकाने असतात, त्यांची अदलाबदल सर्रास होते. व्हिसा जुन्या पासपोर्टवर आणि पासपोर्ट नवा असेल तर क्रमांक नव्याचा टाका. पुण्यातल्या पत्त्यावर त्यांची नोंद आधीच झाली आहे म्हणून तुमची जबाबदारी टळत नाही. पोच डाउनलोड करून ठेवा.

मिस्साला जरूर न्या, पण वेळ विचारून. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी असते आणि तिच्यातून सूट मोजक्याच दिवसांना मिळते. त्यामुळे मैदानावरची ‘मध्यरात्रीची’ मिस्सा बऱ्याच ठिकाणी आठ-साडेआठलाच सुरू होते. बारा वाजता पोहोचलात तर मांडव आवरणारी मुलं भेटतील.

फिलिपिनो पाहुणे कॅथलिक असतील तर त्यांना कम्युनियन घेता येईल. आधी एक तास काही खाऊ नये, हा नियम पानावर बसवण्याच्या गडबडीत विसरला जातो. प्रोटेस्टंट मित्रांनी त्या वेळी जागेवरच थांबावं. त्यात अपमान काही नाही, पण रांगेत उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा घरीच सांगितलेलं बरं. भाकर हातावर घेतली की फादरांसमोरच तोंडात घालायची, जागेवर घेऊन यायची नाही.

प्रश्न : चपला, बसायची जागा, कपडे यांबाबत परदेशी पाहुण्याला काय सांगावं?
– एक वाचक, श्रीरामपूर

दारापाशी चपलांची रांग दिसली की त्यानेही काढाव्यात, नसेल तर तसंच आत जावं. गावाकडे सतरंजीवर बसतात आणि बाया-पुरुषांच्या बाजू वेगळ्या असतात. गुडघ्याचा त्रास असेल तर मागे खुर्ची मागावी, कुणी काही म्हणत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बाईंनी ओढणी जवळ ठेवावी, इतर बायकांनी प्रार्थनेच्या वेळी पदर घेतला तर डोक्यावरून घेता येते. फोटो उपासना संपल्यावर, विचारून.

केडगावच्या मुक्ती मिशनला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पंडिता रमाबाईंचं केडगाव दौंड तालुक्यातलं, पुणे–दौंड रेल्वेमार्गावरचं. अहिल्यानगर शहरालगतचं केडगाव वेगळं. परदेशी पाहुण्याने टॅक्सीवाल्याला नुसतं ‘केडगाव’ सांगितलं की पाऊण दिवस वाया जाऊ शकतो.

प्रश्न : आमच्या विभागातले नॉर्वेजियन साहेब नाताळात कोहिमा किंवा ऐझॉलची चर्चेस पाहू इच्छितात. मी सोबत जाणार आहे. काही परवाना लागतो का?
– एक वाचक, नागपूर

दोघांनाही लागतो, पण वेगवेगळा. नागालँड, मिझोराम आणि मणिपूरमध्ये परदेशी नागरिकांना मिळालेली सूट डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतली गेली, त्यामुळे त्यांना प्रोटेक्टेड एरिया परमिट काढावं लागेल. तुम्हाला त्या राज्याचं इनर लाइन परमिट लागेल. साहेबांचा अर्ज आधी करा आणि तो मंजूर झाल्यावरच विमानाची तिकिटं काढा. परमिटवर जी ठिकाणं आणि तारखा असतील त्यांपलीकडे जाता येत नाही.

वेळ कमी असेल तर शिलाँगला जा. मेघालयात यांतलं कुठलंच परमिट लागत नाही, आणि प्रेस्बिटेरियन व कॅथलिक दोन्ही मोठी चर्चेस शहरातच आहेत. कोहिमा, ऐझॉल आणि शिलाँगमध्ये रविवारी आणि २५ डिसेंबरला बहुतेक दुकानं, खानावळी बंद असतात आणि टॅक्सीही क्वचितच मिळते. हॉटेलात जेवणाची सोय आहे ना, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.